रिक्त

चाळीस जागा. भरल्या सव्वीस.
उरलेल्या चौदांपुढं मी लाल शाईनं
'रिक्त' लिहितो, चौदा वेळा,
आणि दरवेळी 'क्त'पाशी पेन अडतं.

मुलींची निवासी शाळा, सहावीची निवड परीक्षा,
विट्याच्या पुढं माळावर पिवळी इमारत.
साहेब म्हणाले, मेरिट खाली आणायचं नाही.
मग म्हणाले, जागा मोकळ्या दिसता कामा नयेत.
दोन्ही वाक्यं एकाच चहात.

परीक्षेला बसल्या एकशे बारा.
शेजारच्या मुलांच्या शाळेला नऊशे चाळीस.
मुली हुशार नाहीत का हो आपल्याकडं?
मी म्हणालो, साहेब, मुळात...
आणि पुढचं न बोलता पाचवीचे पट सरकवले.
वाघजाईवाडी : मुलगे एकतीस, मुली एकोणीस.
पिंपळमळा : सतरा, नऊ.
पट खोटं बोलत नाही.
पण जे पटावर आलंच नाही
त्याचा दाखला कुठल्या कपाटात ठेवतात,
बावीस वर्षं नोकरी झाली, मला सापडलेलं नाही.

मग प्रतीक्षा यादी. मग फोन.

अल्फिया मुलाणी. मामानं उचलला.
"लांब पडतंय ओ."
किती लांब?
"तसं लांब न्हाई. पण लांब."

प्रांजली कोळेकर. आई बोलली :
मेंढरं खाली गेल्यात, ह्यांचं बापय मेंढरांमागं,
बारक्याला बघायला तीच हाय.
तुमी त्यालाच घ्या की, त्यो बी हुशार हाय.
ताई, मुलींची शाळा आहे.
"मग काय उपेग," ती म्हणाली,
रागानं नाही, भाव विचारून पुढं जावं तशी.

एक गलाईवाले कोइमतूरहून.
मागं भट्टीचा आवाज.
थोरल्याच्या क्लासची फी आत्ताच भरली,
एका घरात दोन शिक्षणं झेपत न्हाईत, साहेब.
सोनं वितळवतो हा माणूस.
(हे वाक्य खोडलं होतं. राहू दे.)

गाद्या मात्र चाळीस आल्या, कंत्राट चाळीसचं.
वॉर्डन शालन पाटोळे यांनी सगळे पलंग मांडले.
रिकाम्यांवर पोरी गणवेश वाळवतात,
दप्तरं टाकतात, एकीनं चिंचा पसरल्यात.
सातवीतली एक मात्र शेजारच्या पलंगावर
काही ठेवू देत नाही कुणाला.
तिथं म्हणे तिची बहीण झोपते.
बाई म्हणाल्या, तुला बहीण कुठाय गं?
"तीच," ती म्हणाली, आणि चादर नीट केली.

बाईंनी हे मला ऑफिसात सांगितलं.
मी रजिस्टरात बघत राहिलो.
मला दोन मुलगे.
दोघांत सहा वर्षांचं अंतर.
कुणी विचारत नाही.
आमच्याकडं असलं कुणी विचारत नाही.
बायको त्या वर्षीचं कॅलेंडर
अजून पेटीच्या तळाशी अंथरते.

दुपारनंतर, यादीत अकरावा नंबर,
बारीक आवाज.
घरी कोण आहे?
"मीच."
वडील?
"झोपल्यात. लाइट रातची येती, पाण्याला जावं लागतं."
तुझं नाव आलंय यादीत. येशील?
बराच वेळ काही नाही. कोंबड्या.
कुणीतरी लांबून हाक मारली,
तिनं ओ दिली नाही.
मग म्हणाली,
"पेटी पत्र्याचीच लागती का?
का कसली बी चालती?"

कसली बी, मी म्हणालो.

खोडरबर घेऊन बसलो, तर लाल शाई.
ती खोडत नाही हे मला माहीत असायला हवं होतं.
मग 'रिक्त'च्या वरच, जरा तिरकं,
पेन्सिलीनं तिचं नाव लिहिलं.
आडनाव विचारायचं राहिलं होतं.
परत फोन लावला.
व्यस्त.